मॅनिटोवॉकच्या पाणबुड्या

युद्धनौकेच्या आयुष्यात दोन मंगल प्रसंग येतात. जलावतरणाच्या वेळी तिला पाणी लाभते. नौदलात दाखल होताना तिला कर्तव्य लाभते. त्या दुसऱ्या दिवशी कप्तान आपल्या नेमणुकीचा आदेश वाचून दाखवतो, ध्वज चढतो आणि नौकेवर पहिला पहारा उभा राहतो. तोवर ती कारखान्याची असते. त्यानंतर राष्ट्राची होते. अमेरिकेतील मॅनिटोवॉक या छोट्या शहराने १९४२ ते १९४५ या काळात पाणबुड्यांचा हा सोहळा २८ वेळा अनुभवला.

विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले हे शहर समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. युद्धापूर्वी तेथील कारखान्याने एकही पाणबुडी बांधलेली नव्हती. नदीचे पात्र अरुंद असल्यामुळे पाणबुड्या आडव्या अंगाने पाण्यात लोटल्या जात. चाचण्या सरोवरात होत. पुढे उथळ पाण्यातून नेता यावे म्हणून त्यांना तरत्या गोदीत चढवून मिसिसिपी नदीवाटे न्यू ऑर्लिन्सपर्यंत पोहोचवले जाई. यांतील पहिली पाणबुडी ‘पेटो’ २१ नोव्हेंबर १९४२ रोजी नौदलात दाखल झाली.

१४ ऑक्टोबर १९४४ रोजी ‘लगार्टो’चा मान होता. कमांडर फ्रँक लॅटा यांच्या नेतृत्वाखाली ती पॅसिफिककडे गेली. सात महिनेही पुरते उलटले नव्हते, तोच मे १९४५च्या आरंभी, सयामच्या आखातात ती ८६ जणांसह नाहीशी झाली. ‘हात्सुताका’ या जपानी नौकेने तिचा घास घेतला, असे मानले जाते. त्याच महिन्यात ‘हात्सुताका’ बुडवली ती ‘हॉकबिल’ने, तीही मॅनिटोवॉकचीच लेक. लगार्टोचे अवशेष मात्र २००५ साली पाणबुड्यांच्या हाती लागले, तेव्हा साठ वर्षे लोटली होती.

अठ्ठावीसांपैकी चार पाणबुड्या परतल्या नाहीत: ‘रोबालो’, ‘गोलेट’, ‘केटे’ आणि ‘लगार्टो’. समारंभाचा आनंद त्यामुळे खोटा ठरत नाही. ज्या हातांनी पोलाद जोडले, त्यांना ते राष्ट्राच्या स्वाधीन करताना धन्यता वाटणे स्वाभाविकच होते. परंतु पहिला पहारा उभा राहतो, त्याच क्षणी पोलादाच्या पोटातील माणसेही पणाला लागतात. ध्वजवंदनाच्या जल्लोषात हे भान सहज हरवते. इतिहासाने ते जपायचे असते.