सुपारीच्या हक्कापासून चटईक्षेत्रापर्यंत

स्थावर मिळकत म्हटली की जमीन आणि घर डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या कायद्याने स्थावरात जे जे हक्क धरले, त्यांचा माग काढू लागलो की आपण बाराव्या शतकाच्या आरंभी, कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात पोचतो. याज्ञवल्क्याने आपल्या स्मृतीत जमिनीच्या जोडीला ठेवलेल्या ‘निबंधा’चा खुलासा विज्ञानेश्वराने त्या स्मृतीवरच्या ‘मिताक्षरा’ या टीकेत थेट बाजारातल्या उदाहरणाने केला आहे: विड्याच्या पानांच्या एका भाऱ्यामागे इतकी पाने, सुपारीच्या एका भाऱ्यामागे इतक्या सुपाऱ्या. असे ठरावीक, पिढ्यानुपिढ्या चालणारे उत्पन्न जमिनीच्या पंक्तीला बसले, आणि पुढे देशमुखी, कुलकर्ण, जोशीपण ही वतनेही वाटणीत आणि गहाणात जमिनीसारखीच वागवली गेली.

इंग्रजी अमलात प्रश्न दावा आणण्याच्या मुदतीचा झाला. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने स्थावराच्या दाव्याला 12 वर्षे दिली. इतर बहुतेक दावे त्याआधीच मुदतबाह्य होत, म्हणून हक्क स्थावर ठरण्याला मोल आले. 1869 साली मुंबई उच्च न्यायालयाने हिंदू धर्मशास्त्राचा आधार घेत देवळाचे वंशपरंपरागत पुजारीपण स्थावर ठरवले. त्याच सुमारास, 1868 च्या कायद्यात, आज ओळखीची झालेली व्याख्या आली होती: जमीन, जमिनीपासून होणारे लाभ आणि जमिनीला कायमच्या जखडलेल्या वस्तू. 1882 मध्ये मालमत्ता हस्तांतरण कायद्याने उभे इमारती लाकूड, उभी पिके आणि गवत स्थावरातून वगळले. 1908 च्या नोंदणी कायद्याने मात्र वंशपरंपरागत भत्ते स्थावरातच राखले.

वतनाला मिळकत म्हणणाऱ्या या परंपरेत एक मोठा अन्याय दडला होता. महार वतनदाराच्या वाट्याला तुटपुंजी जमीन आणि अहोरात्र सरकारी राबणूक आली. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला 1958 उजाडले.

वतने गेली, शहरे वाढली. 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याने सामाईक जागेतल्या अविभक्त हिश्शासह फ्लॅटला वारसाने मिळणारी, विकता येणारी स्थावर मिळकत ठरवले. 1991 च्या मुंबई विकास नियंत्रण नियमावलीतून हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, आला: आरक्षित भूखंड पालिकेला द्यायचा, प्रमाणपत्र घ्यायचे आणि त्यावरचे चटईक्षेत्र उपनगरातल्या दुसऱ्याच इमारतीवर वापरायचे किंवा विकायचे. हा फिरता हक्क जंगम की स्थावर? 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो जमिनीपासून होणारा लाभ, म्हणून स्थावर ठरवला. त्यामुळे टीडीआरचा करार मोडणाऱ्याकडून नुसती भरपाई नव्हे, तर प्रत्यक्ष करारपूर्ती मागण्याची वाट खुली झाली.