त्याचं ऐकलं का?

आमच्या वर्धा जिल्ह्यात नागपंचमी म्हटली की आष्टी आठवते. १६ ऑगस्ट १९४२ला, नागपंचमीच्याच दिवशी, आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. गोळीबार झाला, गावचे लोक पडले, पोलिसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरही पेटलं. दोन्ही गावांतल्या कित्येकांना फाशीची शिक्षा झाली.

ती गोष्ट इथे बहुतेकांना पाठ आहे. पुढची मात्र कुणी फारशी सांगत नाही. खटल्याचे कागद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, कैदी इथेच तुरुंगात राहिले. त्या दालनात आष्टीचा शेतकरी उभा राहण्याचा प्रश्नच नव्हता. गांधीजींनी आणि देशभरच्या लोकांनी जोर लावला, आणि १९४५मध्ये फाशीची जन्मठेप झाली. गळ्याभोवतीचा दोर घट्ट होतो की सैल, हे ज्याचा गळा त्याला शेवटी कळायचं.

मी वकील नाही, साधा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण कायद्याची पुस्तकं चाळताना एक गोष्ट मनात रुतली. १८९८च्या इंग्रजी कायद्यातही एवढं होतं, की आरोपीला स्वतः किंवा वकिलामार्फत बोलू दिल्याशिवाय उच्च न्यायालयाने फेरतपासणीत त्याची शिक्षा वाढवू नये. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पुढचं पाऊल टाकलं. सत्र न्यायाधीशाने दोषी ठरवल्यावर, शिक्षा सांगण्याआधी, शिक्षेपुरतं आरोपीला वेगळं ऐकायचं. १९७६मध्ये संतासिंगच्या खटल्यात हे राहून गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण फाशी रद्द केली आणि शिक्षेसाठी खटला खाली परत पाठवला. आधी त्याचं ऐका, मग ठरवा.

त्याच संहितेत आणखी एक कलम आहे, ते मला जास्त आवडतं. शिक्षा कमी झाली म्हणून सरकार अपिलात गेलं, तर आरोपीला ‘शिक्षा वाढवू नका’ एवढंच नव्हे, ‘मी निर्दोष आहे’ असंही म्हणता येतं. वाचताना हे किरकोळ वाटतं. ते किती मोठं आहे हे नाशिक जिल्ह्यातल्या एका खटल्याने दाखवलं.

२००३मध्ये तिथे एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. सरकार वर गेलं आणि २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. त्यांचं म्हणणं न ऐकता! सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे २०१२मध्ये सिद्ध झालं.

२०१४मध्ये मोहम्मद आरिफच्या प्रकरणात ठरलं, की फाशीच्या फेरविचार अर्जावर बंद खोलीत कागद फिरवून भागणार नाही. उघड्या कोर्टात, जास्तीत जास्त अर्धा तास का होईना, तोंडी सुनावणी हवी. त्या दारातून हे सहा जण पुन्हा आत आले. २०१८मध्ये २००९चा निकाल मागे घेतला गेला. कारण हेच, की ज्यांची शिक्षा वाढवली त्यांना ऐकलंच नव्हतं. मग सगळा पुरावा नव्याने तपासला गेला. मार्च २०१९मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा राज्य सरकारला हुकूम झाला. तोवर तुरुंगात जवळपास सोळा वर्षं गेली होती.

‘ऐकणं’ आणि ‘समोर असणं’ या दोन गोष्टी आपल्याकडे अजून वेगळ्या आहेत. खालच्या कोर्टात तुरुंगातल्या आरोपीला निकाल ऐकायला प्रत्यक्ष किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर करतात. सत्र न्यायालयातल्या अपिलाला नियम उलटा: न्यायालयाने खास सांगितलं नाही, तर त्याला आणायचं नाही. वकील बोलतो, तो कोठडीत थांबतो. १ जुलै २०२४पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. शिक्षेआधी ऐकण्याची तरतूद तिच्यातही आहे.

आष्टीच्या स्मारकापाशी दर नागपंचमीला माणसं जमतात. हुतात्म्यांची नावं घेतली जातात. फाशीच्या कोठडीत लंडनच्या टपालाची वाट पाहत बसलेल्यांविषयीही तिथे कुणी दोन शब्द बोलावेत, असं मला वाटतं.