आधी भाकरी, मग हक्क?

विकसनशील देशांतील राजवटींचा एक आवडता युक्तिवाद आहे : आधी पोटाचे पाहू, हक्कांचे मागाहून. आपल्याकडे आणीबाणीतही तो ऐकू आला होता. त्याच्या पुष्ट्यर्थ अनेकदा दक्षिण कोरियाकडे बोट दाखवले जाते. हा दाखला इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरतो, हे मला येथे पाहायचे आहे.

त्याची एक बाजू खरी आहे. १९६१च्या लष्करी उठावानंतर सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांनी बँका सरकारच्या मुठीत घेतल्या आणि निर्यात करणाऱ्या उद्योगांना स्वस्त कर्जे दिली. १९६४मध्ये १० कोटी डॉलरची निर्यात १९७७मध्ये १,००० कोटी डॉलरवर गेली.

या भरभराटीच्या काळात राजधानी सोलच्या प्योंगह्वा बाजारात, ताठ उभेही राहता येऊ नये अशा माळ्यांवर, कोवळ्या वयाच्या मुली रोज चौदा-चौदा तास शिवणकाम करीत होत्या. आठ तासांचा दिवस ठरवणारा कामगार कायदा १९५३पासून अस्तित्वात होता, पण तो कागदावरच. तेथे कापड बेतणाऱ्या चोन ते-इल या तरुणाने कामगारांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, सरकारी कार्यालयांत अर्ज दिले. उपयोग झाला नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्या कायद्याच्या पुस्तकासह त्याने स्वतःला पेटवून घेतले. नवा हक्क त्याने मागितलाच नव्हता. आहे तो कायदा पाळा, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्याच महिन्यात तेथील शिवणकामगारांची संघटना उभी राहिली. त्याची आई ली सो-सन पुढे आयुष्यभर या चळवळीत राहिली.

सरकारचे उत्तर होते अधिक सत्ता. १९७२च्या युशिन राज्यघटनेने पार्क यांना तहहयात अध्यक्ष राहण्याची वाट मोकळी झाली. ऑगस्ट १९७९मध्ये केसांचे टोप बनवणारा एक कारखाना बंद पडला, तेव्हा तेथील कामगार स्त्रियांनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात ठाण मांडले. पोलीस आत घुसले. एका तरुणीचा जीव गेला. पाठोपाठ विरोधी नेते किम यंग-साम यांची संसदेतून हकालपट्टी झाली, बुसान आणि मासान ही शहरे पेटली. २६ ऑक्टोबरला पार्क यांच्याच गुप्तचरप्रमुखाने त्यांना गोळ्या घातल्या.

तरीही लष्करी सत्ता संपली नाही. १९८०मध्ये ग्वांग्जूतील उठाव सैन्याने रक्तात बुडवला. अखेर जून १९८७च्या जनआंदोलनाने अध्यक्षाची थेट निवडणूक मिळवली आणि लगेच कारखान्यांत संपांची लाट उसळली. संघटना वाढल्या, वेतने वाढली. अर्थव्यवस्था काही कोसळली नाही.

माझा निष्कर्ष असा : कोरियात समृद्धीने हक्क वाटले नाहीत. ज्यांना थांबायला सांगितले होते, त्यांनीच ते मिळवले, आणि समृद्धीही त्यांच्याच श्रमांवर उभी होती. म्हणून कोरियाचा दाखला देणाऱ्यांनी निर्यातीच्या आकड्यांसोबत त्या माळ्यावरच्या मुलींचाही हिशेब मांडला पाहिजे.