फुलाचे पाणी

दसरा झाला की एखाद्या सकाळी मी कात्री घेऊन अंगणातल्या गुलाबाच्या कुंडीपुढे बसतो. वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या काढायच्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरपा काप द्यायचा, वरची माती उकरून शेणखत घालायचे. दीड-दोन महिन्यांत कळ्या धरतात, आणि दुसरा बहर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या सुमारास येतो. कुंडी एक, झाड एक. पण त्याची हकीकत सांगू लागलो तर तीन खंड आणि एक दुष्काळ सांगावा लागतो.

प्रथम नावच पाहा. 'गुलाब' हा शब्द फारसी. 'गुल' म्हणजे फूल, 'आब' म्हणजे पाणी. फारसीत गुलाब म्हणजे फुलाचा अर्क, गुलाबपाणी. आपण त्या पाण्याचे नाव फुलालाच देऊन टाकले. आपल्या वैद्यांना 'शतपत्री' ठाऊक होती. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ती आहे. पण लोकांच्या तोंडी बसला तो गुलाबच. गुलाबपाणी गरम असताना त्यावर तेलाचा तवंग येतो, हे नूरजहानच्या आईने हेरले आणि त्यातून अत्तर निघाले, असे जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. सामान्य माणसाच्या घरी मात्र गुलाब आला तो लग्नातल्या गुलाबदाणीतून, थेंबाथेंबाने. झाड दारात यायला पुष्कळ काळ जावा लागला.

त्याला कारण होते. जुना सुवासिक गुलाब बहुधा वर्षातून एकदाच फुलायचा. चार दिवसांच्या फुलांसाठी वर्षभर कुंडीला पाणी कोण घालणार? पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण चिनी गुलाबात होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनचे गुलाब युरोपात पोचले. त्यातले काही आपल्या कलकत्त्याच्या बागेतून गेले. हिंदी महासागरातल्या बूरबों बेटावर – आज त्याला रीयुनियन म्हणतात – शेताच्या कुंपणांना जुना आणि चिनी असे दोन्ही गुलाब लावीत. 1817 च्या सुमारास त्या कुंपणात दोहोंचा आपोआप संकर झालेले एक झाड सापडले. त्याचे नाव एदुआर. आपल्या माळ्यांनी त्याचा 'एडवर्ड' केला. गुलाबी, घमघमणारा आणि चिवट. आपल्याकडे त्याच्या मुळावर दुसऱ्या गुलाबाचे डोळे भरू लागले. पुढे 1867 साली फ्रान्सात गियो नावाच्या बागाइताने 'ला फ्रान्स' हा गुलाब काढला आणि मोठ्या, डौलदार फुलांच्या नव्या गुलाबांचे युग सुरू झाले. फूल वरचे, मूळ खालचे, अशी विभागणी ठरून गेली.

आमच्या घरी गुलाब आला तो असाच कलमाचा. आजोबा गिरणीत होते. साठीच्या दशकात त्यांनी एका बागवानाकडून कलम आणले. बागवान म्हणाला, "हा पीस." गिरणीत पीस म्हणजे कापडाचा तागा. आजोबांना वाटले, झाड गिरणीवाल्यांसाठीच निघाले असावे! मूळ शब्द इंग्रजी, अर्थ शांती. मेलाँ नावाच्या फ्रेंच माणसाचा हा गुलाब. युद्ध पेटण्याआधी त्याच्या काड्या परदेशी गेल्या होत्या. 29 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेत त्याचे हे नाव जाहीर झाले, तेव्हा युरोपातले युद्ध संपायला दहा दिवसही उरले नव्हते. फिकट पिवळी, कडेला गुलाबी झाक असलेली ती फुले पाहायला म्हणे सारी चाळ यायची.

पण सोलापूर हे पाण्याचे गाव नव्हे. इथली काळी माती पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते; कुंडीत नुसती घातली तर मुळे गुदमरतात, म्हणून तिच्यात तांबडी माती आणि वाळू मिसळावी लागते. एकरुखचा तलाव 1871 साली झाला, उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले. त्या दोहोंच्या मध्ये 1972 चा दुष्काळ आला. हंडाभर पाण्यासाठी रात्र रात्र जागणाऱ्या आजीने गुलाबाचे पाणी तोडले. पीस वाळून कोळ झाला.

पुढच्या पावसाळ्यात कलमाच्या गाठीखालून एक फुटवा आला. आजोबा कात्री घेऊन उठले. खालचा फुटवा काढायचा, हा माळ्यांचा नियमच. आजी आडवी आली. "अहो, राहू द्या की त्याला. पाण्यावाचून जगलंय ते. आता काय तुमच्या परवानगीनं जगायचं व्हय?"

त्या फुटव्याला लहान, गुलाबी, पाकळ्या विस्कटलेली फुले आली. आणि वास असा की पीसला तो कधीच नव्हता. आजीने त्याचा गुलकंद केला. ते झाड एडवर्डचे, हे मला फार उशिरा, पुस्तके चाळताना कळले. माझ्या कुंडीतले झाड त्याच्याच फांदीच्या फांदीचे.

इतिहास शिकवताना मला हे मूळ आठवते. पीसचा जनक ठाऊक, नामकरणाची तारीख ठाऊक. एडवर्डचे साल मात्र 'सुमारास' म्हणून सांगावे लागते. त्या काळी बूरबों बेटावरची शेती गुलामांच्या कष्टांवर चाले. ती कुंपणे कोणत्या हातांनी लावली, ते कोणी लिहिले नाही. आमच्या गावाचेही तसेच. 1949 साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी बंद पडली, पुढल्या वर्षी सरकारने कायदा करून तिचा कारभार हाती घेतला, आणि चरणजितलाल चौधरी हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे नाव कायद्याच्या पुस्तकांत आजही आहे. तिथे साचे चालवणाऱ्यांची नावे कोणत्या पुस्तकात शोधायची?

चार नावे मात्र गावाने जपली आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिले. दर वर्षी त्या दिवशी मी कुंडीतली फुले घेऊन चार पुतळ्यांकडे जातो. तिथल्या मोठ्या हारांपुढे ती केविलवाणी दिसतात; दुपारपर्यंत त्यांच्या पाकळ्याही गळतात. पण त्या चौघांच्या मागे चालताना ज्यांची नावे कोणी टिपली नाहीत, त्यांच्यासाठी मला हेच फूल योग्य वाटते.

आमच्या घरी नळ आजही काही दिवसांआड येतो. तांदूळ धुतलेले पाणी मुलगी न सांगता कुंडीत ओतते. फुलाला पाण्याचे नाव कोणी दिले, कोण जाणे. देणारा आमच्यासारख्याच एखाद्या गावचा असला पाहिजे.