बडोद्याच्या वाटा आणि एक बाग



इतिहासाचा अभ्यास ग्रंथालयात होतो हे खरे. पण शहराचा इतिहास जाणावयाचा तर पायी हिंडण्यास पर्याय नाही. आपण सारे या शहरात वाढलो. रोजच्या वाटेवरील वास्तूंकडे पाहावयाचे मात्र बहुधा राहूनच जाते. म्हणून आज त्याच वाटांवरून आपणांस थोडे हिंडवून आणावे, असा मानस आहे.

आरंभ मांडवीपासून करू. लहेरीपुरा, चांपानेर, पाणीगेट आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडून येणारे रस्ते येथे मिळतात. 1734 मध्ये हे शहर कायमचे गायकवाडांकडे आले आणि त्यांच्यामागून मराठी कुटुंबे गुजरातीभाषकांच्या शेजारी स्थिरावली. त्या शेजाराची साक्ष पोथ्यांत शोधावयाची गरज नाही. कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळणारी शेव-उसळ पुरेशी आहे. उसळ आपली, वर पसरलेली शेव गुजरातची, आणि पदार्थ मात्र निखळ बडोद्याचा!

मांडवीजवळच मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत आहे. तिच्यामागे श्रीमंत सयाजीराव महाराजांची दूरदृष्टी उभी आहे. 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि 1906 मध्ये तो साऱ्या राज्याला लागू झाला. शिकलेल्यांच्या हाती पुस्तक राहिले पाहिजे, म्हणून 1910 मध्ये अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण करण्यात आले आणि फिरत्या पेट्यांतून ग्रंथ खेड्यापाड्यांत पोहोचू लागले. 1931 चा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' पाहावा. कारभारातील एकेका इंग्रजी शब्दासाठी त्यात मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी-शेजारी मांडले आहेत. एका भाषेला मान दिला म्हणजे दुसरीचा अवमान होतो, हा समज त्या कोशकारांना ठाऊक नव्हता. 1909, 1921 आणि 1934 अशी तीन मराठी साहित्य संमेलने याच गुजराती मुलखात भरली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वृत्तीचे मोल कळते.

पुढे सूरसागराच्या काठी आलो की गाण्याची आठवण होते. 1886 मध्ये येथे राजाश्रयाने गायनशाळा सुरू झाली. तिचे धुरीण होते उस्ताद मौलाबक्ष. घराण्याच्या बंद दारांआड असलेली विद्या त्यांनी स्वरलिपीच्या साह्याने वर्गात आणली. त्यांचे नातू इनायत खाँ 1882 मध्ये बडोद्यात जन्मले आणि पुढे सूफी विचार घेऊन पश्चिमेकडे गेले. 1916 मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ या दरबाराचे गायक. 1950 मध्ये याच मातीत ते विसावले. 2002 च्या दंगलीत त्यांच्या कबरीची मोडतोड झाली. ज्या गावाने त्यांना ऐकले, त्याच गावात हे घडले, याचे शल्य कोणत्याही रसिकाला वाटल्याखेरीज राहणार नाही.

आता विश्वामित्रीकाठच्या कमाटीबागेत येऊ. 1879 मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ही बाग. सप्टेंबर 1917 मध्ये येथे एका झाडाखाली एक विद्वान तरुण आगगाडीच्या वेळेची वाट पाहत काही तास बसून होता. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये ते अमेरिकेस गेले होते आणि करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास आले होते. राहावयास जागा कोठेच मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याने आसरा देण्यास असमर्थता दर्शविली. रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

सुहृदहो, या दोन चित्रांपैकी कोणते खरे? दोन्ही खरीच आहेत. ज्ञानासाठी त्या तरुणास सातासमुद्रापलीकडे धाडणारे बडोदे आणि रात्रीपुरती खोली नाकारणारे बडोदे एकच होते. शाळा, ग्रंथालय, शिष्यवृत्ती या गोष्टी राजाज्ञेने निर्माण होतात. घराचे दार मात्र राजाज्ञेने उघडत नाही, ते ज्याचे त्यानेच उघडावे लागते. अनेक धर्मांचे आणि भाषांचे लोक शेजारी राहतात एवढ्याने शहर उदार ठरत नाही. त्या दिवशी हिंदू, पारशी आणि ख्रिस्ती अशी तीन दारे होती आणि तिन्ही एका माणसापुरती बंद होती. शहराची थोरवी मोजावयाची ती त्याच्या राजवाड्यांवरून नव्हे, तर परक्या ठरविलेल्या माणसास ते कोठे बसविते यावरून.

परमुलखात मराठी शाळा चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अधिक कळावयास हवे. आपले पूर्वज येथे बाहेरून आले. या भूमीने त्यांना दार उघडले, म्हणूनच ही शाळा उभी राहिली. त्या ऋणाची फेड भाषणांनी होत नाही. आपल्या वर्गातील बाकावर, आपल्या चाळीतील रिकाम्या खोलीत, आपल्या पंगतीत कोणास जागा मिळते, यावरच ती ठरावयाची. पुढच्या वेळी कमाटीबागेत जाल तेव्हा त्या झाडाच्या जागेशी क्षणभर अवश्य थांबा, आणि घरी परतल्यावर आपल्या दाराकडे एकदा पाहा.