प्राध्यापकांचा रेडिओ

रेडिओवर माझं लहानपणापासून प्रेम. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागली की वाड्यातली सगळी बिऱ्हाडं आमच्या खोलीत जमायची. त्यामुळे रवांडात रेडिओने माणसं मारायला लावली, असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते काही केल्या पटेना. मग त्या विषयाचं मिळेल ते वाचत गेले. नातवाने संगणकावर बरंच शोधून दिलं. (मोठा अक्षरांचा आकारही त्यानेच करून दिला, नाहीतर डोळ्यांनी असहकार पुकारला होता!)

रवांडा म्हणजे मध्य आफ्रिकेतला चिमुकला डोंगराळ देश. हुतू बहुसंख्य, तुत्सी अल्पसंख्य. भाषा एक, देव एक, गावं एक. बेल्जियमच्या राज्यकर्त्यांनी १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात छापली आणि पूर्वी थोडीफार लवचिक असलेली रेघ पक्की झाली. पुढे याच ओळखपत्रांवरून रस्त्यारस्त्यांवर माणसं वेगळी काढली गेली.

जुलै १९९३ मध्ये तिथे एक खाजगी रेडिओ सुरू झाला. नावाचा अर्थ काय, तर 'हजार टेकड्यांचा मुक्त रेडिओ'. किती गोड नाव! सरकारी रेडिओ रटाळ, आणि हा मात्र छान गाणी लावणारा, श्रोत्यांशी गप्पा मारणारा, चावट विनोद करणारा. तरुण पोरं त्यावर लट्टू. गाण्यांच्या मधे मधे तुत्सींना 'झुरळं' म्हटलं जाई. ६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि त्यानंतर सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यांत विरोध करणारे हुतूही होते. त्या काळात हा रेडिओ नावं सांगे, मोटारींचे नंबर सांगे, कोण कुठे लपलंय तेही सांगे.

तो बंद पाडता आला नसता का? अमेरिकेत विचार झाला. विमानातून त्याच्या लहरी अडवायच्या, पण उड्डाणाला तासाला साडेआठ हजार डॉलर खर्च येतो, असं मे १९९४ मधल्या टिपणात नोंदवलंय. बेत तिथेच राहिला.

पण मला खरी झोप लागली नाही ती आणखी एका गोष्टीने. या रेडिओच्या प्रमुख संस्थापकांपैकी एक, फर्डिनांड नाहिमाना, हे इतिहासाचे प्राध्यापक होते! पॅरिसला जाऊन डॉक्टरेट केलेले, रवांडाच्या जुन्या राज्यांवर पुस्तकं लिहिलेले. आधी सरकारी माहिती खात्याचे प्रमुख होते. मार्च १९९२ मध्ये तिथल्या सरकारी रेडिओने, तुत्सी हुतू पुढाऱ्यांना मारणार आहेत, असं एक बनावट पत्रक वाचून दाखवलं. बुगेसेरा भागात शेकडो तुत्सींची कत्तल झाली. नाहिमानांना ते पद सोडावं लागलं, आणि पुढच्या वर्षी नवा रेडिओ उभा राहिला. अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ मध्ये त्यांना जन्मठेप दिली. २००७ च्या अपिलात काही आरोप गळाले, पण ६ एप्रिलनंतरच्या चिथावणीची जबाबदारी कायम राहिली आणि शिक्षा तीस वर्षांवर आली. २०१६ मध्ये ते सुटलेसुद्धा.

रेडिओचा नेमका वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. २०१४ च्या एका अभ्यासाने हत्याकांडातल्या सहभागाचा सुमारे दहावा हिस्सा त्याच्या पदरात घातला. काहींना तेवढाही मान्य नाही. मला वाटतं, गुंडाला आधीच सुरा हवा असतो, त्याला 'तुझंच बरोबर' म्हणणारा आवाज मिळाला की काम भागतं.

आणि त्या आवाजाकडे सांगायला काय होतं? इतिहासच. 'ते बाहेरून आले, त्यांनी आपल्यावर राज्य केलं, ते पुन्हा येतील.' 'ते' आणि 'आपण'.

मी तीस वर्षं इतिहास शिकवला. अफझलखानाचा वध रंगवून सांगण्यात माझा हातखंडा होता. सातवीचा वर्ग टाळ्या वाजवायचा. एका वर्षी त्या टाळ्यांमध्ये मागच्या बाकावरचा एक मुसलमान मुलगा वहीत मान घालून बसलेला दिसला. कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवून हसलं. मी ते पाहिलं, आणि तास संपल्याची घंटा झाली म्हणून पुस्तक मिटून बाहेर पडले. रवांडाशी याची बरोबरी मुळीच नाही, पण आठवलं ते खरं.

असो. त्याच रवांडात २००४ पासून 'मुसेकेवेया', म्हणजे 'नवी पहाट', नावाची श्रुतिका सुरू झाली. दोन काल्पनिक गावं, जमिनीवरून तंटा, चिथावणारा पुढारी, आणि दोन गावांतल्या बाटामुरिझा आणि शेमा यांचं प्रेम. हुतू-तुत्सी हे शब्द कुठेच नाहीत. लोक वेड्यासारखे ऐकत. एलिझाबेथ पालक या संशोधिकेने काही गटांना वर्षभर ही श्रुतिका ऐकवली आणि काहींना आरोग्यावरची. मनातली मतं फारशी बदलली नाहीत, पण चारचौघांत काय बोलावं नि कसं वागावं याची समज बदलली. शेवटी प्रत्येक गटाला एक टेपरेकॉर्डर आणि बॅटऱ्या भेट दिल्या. आरोग्याच्या श्रुतिकेवाले झटपट म्हणाले, गावच्या अधिकाऱ्याकडे ठेवा. 'मुसेकेवेया'वाले मात्र वाद घालत बसले आणि आपणच मिळून सांभाळू असं म्हणू लागले.

त्या मुलाच्या पुढच्या वर्षापासून मी तो धडा दोन नावांनी सुरू करू लागले. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, आणि महाराजांच्या दहा अंगरक्षकांच्या यादीतला सिद्दी इब्राहिम. टाळ्या कमी पडायच्या, प्रश्न जास्त यायचे. तो मुलगा तोवर आठवीत गेला होता. त्याला इतिहास शिकवायला दुसरे सर होते.