मानेवर सुरकुत्या का पडतात? उपाय काय आणि मलम घेण्याआधी काय तपासावे?

चेहऱ्याची काळजी सगळेच थोडीफार घेतात. तोंड धुतले की क्रीम लागते, बाहेर पडताना पावडर लागते. मान मात्र राहून जाते. मग एखाद्या लग्नातला फोटो हातात येतो आणि लक्षात येते की चेहरा चाळिशीचा दिसतोय, पण मान पन्नाशीची. मानेला आडव्या वळ्या, हनुवटीखाली सैल कातडी, मागच्या बाजूला जाड खरखरीत रेषा. त्यानंतर पावले वळतात ती थेट मेडिकलकडे. ‘मानेसाठी काहीतरी द्या’ असे म्हटले की एक ट्यूब हातात पडते.

इथेच बहुतेकांची चूक होते. मानेवरची प्रत्येक रेघ म्हणजे सुरकुती नसते. काही रेघा वयाच्या असतात, काही उन्हाच्या, तर काही साखरेच्या आजाराची पहिली खूण असतात. त्यामुळे उपाय करण्याआधी मानेवर नेमके काय झाले आहे ते ओळखणे गरजेचे आहे.

मानेची कातडी वेगळी कशी?

मानेच्या पुढच्या भागाची त्वचा चेहऱ्यापेक्षा पातळ असते. तिच्यात तेलग्रंथी कमी असतात, म्हणून ती लवकर कोरडी पडते. त्वचेखाली हनुवटीपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत ‘प्लॅटिस्मा’ नावाचा एक पातळ, पसरट स्नायू असतो. वय वाढते तसा तो सैल होतो आणि त्याच्या कडा उभ्या दोऱ्यांसारख्या दिसू लागतात. दात आवळून बोलताना किंवा जड वस्तू उचलताना मानेवर उभ्या शिरा ताणल्यासारख्या दिसतात, त्या बहुतेक वेळा या स्नायूच्या कडा असतात.

आडव्या रेषांचे कारण वेगळे आहे. मान दिवसातून शेकडो वेळा वर-खाली होते आणि त्वचेला त्याच ठिकाणी घडी पडते. अनेकांना अशा एक-दोन रेषा लहानपणापासूनच असतात. गुटगुटीत बाळाच्या मानेलाही वळ्या असतातच. तो आजार नाही आणि म्हातारपणही नाही.

सुरकुत्या पडण्याची मुख्य कारणे

त्वचेला घट्ट ठेवणारे प्रथिन म्हणजे कोलॅजन आणि तिला ताणून परत जागेवर आणणारे प्रथिन म्हणजे इलॅस्टिन. तरुणपण सरू लागले की कोलॅजन दरवर्षी सुमारे 1 टक्क्याने कमी होते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर हा वेग वाढतो. पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजन जवळपास 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते. ‘पाळी गेली आणि अंगाची कातडीच सुटली’ असे बायका म्हणतात, त्यात तथ्य आहे.

वय कुणाला थांबवता येत नाही. पण वयापेक्षा जास्त नुकसान ऊन करते. सूर्यकिरणांतील ‘यूव्हीबी’ किरण कातडी भाजतात, तर ‘यूव्हीए’ किरण आतल्या थरात शिरून कोलॅजन आणि इलॅस्टिन तोडतात. यूव्हीए किरण ढगांतून आणि गाडीच्या साध्या काचेतूनही येतात. त्यामुळे आभाळ आलेल्या दिवशी ऊन लागत नाही, हा समज चुकीचा आहे.

बिडी-सिगारेटमुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि सुरकुत्या लवकर पडतात. आजारपणात किंवा झटपट डाएटमुळे वजन एकदम उतरले तर मानेची कातडी लोंबते. मोबाईलमध्ये सतत मान घालून बसल्याने आडव्या रेषा वाढतात असे बोलले जाते. त्याचा ठोस पुरावा अजून तोकडा आहे. मानदुखी मात्र त्याने नक्की होते.

शेतात राबणाऱ्याची मान

कांदा लागवड असो, खुरपणी असो की कापूस वेचणी, काम वाकूनच करावे लागते. वाकलेल्या माणसाचा चेहरा सावलीत जातो आणि मानेचा मागचा भाग सरळ उन्हात येतो. वर्षानुवर्षे असे झाले की मागची कातडी जाड, पिवळसर-तपकिरी आणि चामड्यासारखी होते. तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या खोल रेषा पडून चौकटी तयार होतात. शेतकरी आणि कोळी बांधवांमध्ये हे अधिक दिसते. त्वचारोगतज्ज्ञ त्याला ‘क्युटिस ऱ्होम्बॉइडॅलिस नुकी’ म्हणतात. नाव अवघड असले तरी कारण साधे आहे: साठत गेलेले ऊन.

मानेच्या दोन्ही बाजूंना लालसर-तपकिरी जाळी दिसणे हीसुद्धा उन्हाचीच खूण. हनुवटीची सावली पडते तेवढाच भाग यात जसाच्या तसा राहतो. एकाच मानेवरची झाकलेली आणि उघडी कातडी शेजारी ठेवून पाहिली की ऊन काय करते ते कळते.

ही सुरकुती नसेल तर?

*काळी, जाड, मखमलीसारखी मान.* ‘मान काळी पडलीय, कितीही घासली तरी निघत नाही’ ही तक्रार नेहमीची आहे. मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत कातडी काळपट आणि जाड झाली असेल, हाताला मखमलीसारखी लागत असेल, तर तो मळ नाही. याला ‘ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स’ म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, याची ही खूण असते. वजन जास्त असलेल्यांत, पाळी अनियमित असलेल्या पीसीओएसच्या मुलींत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत ती दिसते. अशा वेळी दगडाने मान घासून उपयोग नाही. रक्तातली साखर तपासायला हवी. उपाशीपोटी साखर 100 ते 125 असेल तर धोक्याची पायरी, 126 किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेहाची शक्यता आणि फेरतपासणी आवश्यक. वजन उतरले आणि साखर आटोक्यात आली की मानेचा काळेपणाही हळूहळू कमी होतो. उतारवयात, सडपातळ माणसाला असा काळेपणा अचानक आला तर मात्र पोटातल्या गाठीची शंका घेऊन डॉक्टरांकडे जावे.

*खाज आणि दागिना.* खोट्या मंगळसूत्रात किंवा साखळीत निकेल असते. त्याची ॲलर्जी असेल तर दागिना टेकतो तिथे खाज येते, आणि खाजवून खाजवून कातडी जाड होते, रेघा उठतात. महिनाभर दागिना काढून पाहिला की फरक कळतो.

*गळ्याभोवती हारासारखा काळा पट्टा.* उघड्या मानेवर खपल्या धरलेला काळा पट्टा, सोबत जुलाब, जीभ लाल होणे, विसराळूपणा अशी लक्षणे असतील तर ‘पेलाग्रा’ असू शकतो. तो नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतो. स्पेनमधील डॉक्टर गास्पार कासाल यांनी अठराव्या शतकात या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्या पट्ट्याला ‘कासालचा हार’ म्हणतात. 1960 च्या सुमारास हैदराबाद येथील पोषण संशोधकांनी, डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी, दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरीब लोकांमधील पेलाग्राचा अभ्यास केला होता. याचा अर्थ ज्वारी वाईट असा नाही. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी असा आहार असेल तर काळजी नाही. आता हा आजार कमी झाला असला तरी दारूच्या आहारी गेलेल्यांमध्ये तो आढळतो.

घरच्या घरी काय करता येईल?

सर्वात स्वस्त आणि सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे मान झाकणे. अनेक शेतमजूर बायका साडीवर पुरुषी शर्ट घालून कामाला जातात. त्याच शर्टाची कॉलर वर केली आणि डोक्यावरचा रुमाल मानेवर सोडला की बरेच काम झाले. पुरुषांनी उपरणे किंवा गमछा डोक्यावरून घेऊन मागे मानेपर्यंत सोडावा. दुचाकीवर जाणाऱ्या मुली सनकोट आणि स्कार्फ वापरतात, ती सवय मानेसाठी उत्तमच. शक्य असेल तर सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळेत सावलीतले काम काढावे.

ज्यांना परवडते त्यांनी एसपीएफ 30 किंवा जास्तीचे, यूव्हीएपासूनही संरक्षण देणारे सनस्क्रीन लावावे. चेहऱ्यावर उरलेले मानेला पुसणे म्हणजे लावणे नव्हे. मानेच्या पुढे, बाजूंना आणि मागे वेगळे घ्यावे. घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर गावात 55 वर्षांखालील 903 लोकांवर साडेचार वर्षे अभ्यास झाला. 2013 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत या काळात वार्धक्याची मोजता येण्यासारखी वाढ दिसली नाही. त्यांच्यात ही वाढ मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी होती.

अंघोळीनंतर ओलसर मानेवर मॉइश्चरायझर, व्हॅसलिन किंवा खोबरेल लावले तर कोरडेपणाच्या बारीक रेषा कमी दिसतात. खोल वळी मात्र तेलाच्या मालिशने जात नाही. मानेच्या व्यायामाने सुरकुत्या जातात याचाही भरवशाचा पुरावा नाही.

काय करू नये, हेही महत्त्वाचे. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. खायचा सोडा, टूथपेस्ट, खरखरीत दगड यांनीही पातळ त्वचेचे नुकसानच होते.

मेडिकलमधील ‘गोरे करणारे’ मलम

सर्वाधिक धोका इथे आहे. अनेक ट्यूबमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही स्टिरॉइड असतात. पहिल्या काही दिवसांत मान उजळते, मऊ लागते. त्यामुळे ‘औषध लागू पडले’ असे वाटते आणि दुसरी, तिसरी ट्यूब येते. काही महिन्यांत कातडी आणखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गजकर्ण झाले तर पसरत जाते. मलम बंद केले की आग आणि लाली सुरू होते, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. सुरकुत्या घालवण्यासाठी आणलेले मलम कातडीच कमकुवत करून ठेवते. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टिरॉइड औषधे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ज्यांनी आधीच बरेच दिवस असे मलम वापरले आहे त्यांनी ते एकदम न थांबवता डॉक्टरांना ट्यूब दाखवावी.

नाव-पत्ता नसलेल्या डबीतील क्रीम तर हातातही घेऊ नये. पारा मिसळलेल्या क्रीममुळे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात आणि आपल्या अकोल्यातही असे रुग्ण समोर आले होते.

डॉक्टरांकडील उपचार

सुरकुत्यांवर सर्वाधिक अभ्यास झालेले लावण्याचे औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. अमेरिकेत 1995 मध्ये उन्हाने झालेल्या बारीक सुरकुत्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. ते रात्री, मटारच्या दाण्याएवढे लावतात. मानेला ते लवकर झोंबते म्हणून सुरुवात आठवड्यातून दोन-तीनदाच करतात. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदर किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या स्त्रियांनी ते वापरू नये.

उभ्या दोऱ्यांसाठी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देतात. त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. चुकीच्या जागी गेल्यास गिळायला त्रास होऊ शकतो. खोल आडव्या रेषांसाठी फिलर, मायक्रोनीडलिंग, रेडिओफ्रिक्वेन्सी, लेझर हे पर्याय आहेत. आपल्या सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळे डाग पडण्याची शक्यता असते, त्यामुळे अनुभवी हात हवा. कातडी फारच लोंबत असेल तर शस्त्रक्रियेनेच ठळक फरक पडतो. हे उपचार खर्चिक आहेत, बहुतेक पुन्हा पुन्हा करावे लागतात आणि शहरात जावे लागते. पार्लरमध्ये इंजेक्शन घेऊ नये. उपचार करणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का आणि तिची मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे आधी विचारावे.

केव्हा थांबू नये?

- मान काळी, जाड, मखमली झाली असेल. 30 वर्षांवरील व्यक्तींची साखर आणि रक्तदाब तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते.
- मानेत गाठ लागत असेल, गळा पुढून सुजला असेल किंवा आवाज बसला असेल.
- न भरणारी जखम, वाढणारा किंवा रक्त येणारा डाग असेल.
- तरुण वयातच मानेची कातडी सैल पडून त्यावर पिवळसर बारीक पुटकुळ्या आल्या असतील. या दुर्मीळ आजारात डोळ्यांचीही तपासणी लागते.

बाकी साध्या सुरकुत्यांची घाई नाही. पडलेली वळी पूर्ण पुसता येत नाही, पण पुढची लांबवता येते. त्यासाठी उद्या सकाळी शेतावर निघताना मानेवरून रुमाल घेतला, तरी सुरुवात झाली.